लसशाळेतील पेशींच्या अन्नरसाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जी सर्व जीवांस पोसते तिचे पायी मस्तक ठेवून, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी राज्यात जे वर्तले ते लिहितो ऐसें जे.

माघमासी लाळ-खुरकुताने राज्यातील गुरांवर चाल केली. बैल बसले ते उठेनात, गाईंनी वैरण टाकली, आणि दरबारातून लसशाळेचे कारभारी गोपाळपंत हर्डीकर यांस हुकूम आला कीं, लस सत्वर सिद्ध करावी. लसीचे विषाणू जिवंत पेशींत वाढवावयाचे, आणि त्या पेशी पोलादी टाकीत अन्नरसावर पोसावयाच्या, ऐसा तेथील रिवाज. परंतु पेशी थोड्या वाढून मरू लागल्या. पंतांनी रसात साखर वाढविली, तों आणखी मेल्या. मग इतर सत्त्वेंही वाढविली, तों टाकीच्या टाकी नासली. शीतपेटीत राखलेल्या पेशींची एकच कुपी उरली. तीही गेली तर परमुलखातून नव्या पेशी येईतों गोठे ओस पडते. पंतांचा चेहरा काळवंडला.

तेव्हा अन्नरसाचे काम पाहणाऱ्या उमाबाई खरसुंडीकर यांनी नासलेला रस तपासला, आणि त्यात आम्ल व अमोनिया उदंड सापडला. मग त्यांनी पंतांस अर्ज केला कीं, साखर व सत्त्वे निम्मी करावी, आणि तींही एकदम न ओतता थोडथोडी घालावी. पंत रागें भरले. मरत्या जीवाचा घास काढणे हा कोठला न्याय, म्हणाले. बाई डगमगल्या नाहीत. बोलल्या, "पंत, या उपाशी मरत नाहीत. गरजेहून अधिक खातात, आणि त्याची जी घाण रसात साठते, तीत गुदमरून मरतात."

पंत शीतपेटीपाशी गेले. मग म्हणाले, "शेवटली कुपी तुमचे हाती देतो. बुडाली तर जबाब मी देईन."

मग बाईंनी नवा रस सिद्ध केला, आणि पेशी त्यात सोडिल्या, आणि रसाचें आम्ल पाहत पाहत बेताने अन्न घालीत गेल्या. आरंभी काही दिसेना. पंत येरझारा घालीत, परंतु विचारीत नसत. पुढे एके सकाळी बाईंनी त्यांस सूक्ष्मदर्शकापाशी बोलाविले. पंतांनी डोळा लाविला, तों पेशी गोल, तुकतुकीत, पूर्वीच्या तिपटीहून अधिक. पंत तेथेच स्टुलावर बसले, आणि बाईंनी पाण्याचे भांडे पुढे केले.

मग त्या पेशींत विषाणू वाढवून लस सिद्ध झाली, गावोगाव गेली, आणि साथ मोडली. राज्याचे धनी श्रीमंत सरकार यांनी पंतांस शालजोडी देऊ केली, तों पंत भर दरबारी बोलिले कीं, चूक आमची होती आणि तोड उमाबाईंची. आणि शालजोडी बाईंस देवविली.

सारांश, पेशी जगल्या, गुरे वाचली, आणि लसशाळेतील माणसे पोटभर झोपली. इतकेंच वर्तले, बरवें वर्तले.