‘येते हं’ म्हणून मामा गेला

टक्!

दुपारच्या शांततेत अक्रोडाचं टरफल फरशीवर पडलं आणि लेक झोपेतच कुशीवर वळली. मी श्वास रोखून पिंजऱ्याकडे पाहिलं. मामा दुसरा अक्रोड निवडत होता.

मामा म्हणजे आमचा पोपट. हातभर लांब, निळा-पिवळा, चेहऱ्यावर निवृत्त मुख्याध्यापकाचा भाव. माझा धाकटा भाऊ बदली झाल्यावर त्याला आमच्याकडे सोडून गेला, म्हणून लेकीने पोपटालाच मामा करून टाकलं. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, “याला उडवा. बसून बसून चरबी चढलीय.”

“आठ दिवसांत हातावर उतरवून दाखवते!” मी नवऱ्याला बजावलं. “रविवारी तुला सातला उठवते मी. पोपट काय चीज आहे!”

पद्धत सोपी. मामा खुर्चीच्या पाठीवर, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हातात अक्रोड. म्हणायचं, “ये!”

आला की! पण चालत! खुर्चीवरून उतरून, पाठीमागे हात बांधल्यासारखा, अख्खी खोली पायी तुडवत.

“फेरफटका छान शिकवलास,” नवरा म्हणाला.

आठव्या दिवशी मी हरले. निदान दूध तरी आणावं म्हणून दार उघडलं आणि सवयीने म्हटलं, “येते हं!”

“येते हं!” मागे खुर्चीवरून हुबेहूब माझाच आवाज! डोक्यावरून वादळ गेलं आणि मामा जिन्याच्या खिडकीतून थेट समोरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर!

लेकीने गॅलरीत धावत जाऊन भोकाड पसरलं, “मामा गेलाऽऽ!”

खालच्या काकूंनी खिडकी उघडली. “अगं बाई! कधी?”

“आत्ताच! माझ्या डोळ्यांदेखत!” मी गॅलरीतून ओरडले.

“आजारी होता का गं?”

“नाही हो, जरा वजन वाढलं होतं!”

काकूंनी डोळे पुसले. त्यांच्याकडे माझ्या माहेरचा नंबर होता. पाच मिनिटांत भावाचाच फोन.

“ताई, मी गेलो म्हणे. कशाने गं?”

“वजनाने! ठेव फोन!”

“ये रे राजा, ये!” मी हात पसरून ओरडत होते. दर ‘ये’ला मामा एकेक पाऊल मागे!

“अगं, थांब,” नवरा म्हणाला. “खोलीत तो अक्रोड बघून यायचा. या घरात ‘येते’, ‘येतो’ म्हटलं की माणूस दाराबाहेर पडतो. रोज तेच बघतोय तो. तू त्याला पिटाळतेयस!”

माझे हात खाली आले. उन्हं कलली होती. लेकीचं रडणं थांबलं होतं, आणि तेच मला ऐकवेना.

मग ती गॅलरीचे गज धरून जिवाच्या आकांताने ओरडली, “आले गं बाळा, आले!” कामावरून परतल्यावर दारातून मी म्हणते ना, अगदी तसंच.

मामाने मान तिरकी केली. पंख उघडले. गल्लीवरून तरंगत आला आणि उतरला! हातावर नाही, माझ्या डोक्यावर.

काकूंची समजूत घालायला नवरा खाली गेला. जाताना दारातून म्हणाला, “येतो.” मी दोन्ही हातांनी मामाचे पाय घट्ट धरले.

लेक माझ्या मांडीवर येऊन बसली. दाराकडे बघत तिने विचारलं,

“आई, जाताना सगळे ‘येते’ म्हणतात. मग जे परत येणार नसतात, ते काय म्हणतात?”