पुरुषोत्तमरावांची सव्वा लाख पावलं

"आठ हजार पावलं? श्यामला, अगं ही काय संख्या आहे! चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासणी विभाग सांभाळला मी. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसाला दहा-दहा फेऱ्या! मला चालणं शिकवताय होय?"

हे वाक्य पुरुषोत्तमराव इनामदारांनी सोफ्यावर आडवं पडून उच्चारलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

झालं होतं असं. त्यांची लेक गौरी पुण्याहून आली, वडिलांचा साखरेचा रिपोर्ट बघितला आणि भडकली. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून तिनं फर्मान काढलं, "बाबा, उद्यापासून महिनाभर रोज आठ हजार. पावलं किती झाली, कुठे झाली, सगळं मला माझ्या फोनवर दिसेल. नाही जमलं, तर बनशंकरीच्या घराला कुलूप आणि तुम्ही दोघं माझ्याकडे, पुण्याला. नो डिस्कशन!"

आता पुणं काही वाईट नाही. पण पुरुषोत्तमराव बेंगळुरूत एकोणचाळीस वर्षं मुरलेले. इथे बनशंकरीत भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळे त्यांना अदबीनं 'सार' म्हणत. पुण्यात ते अकराव्या मजल्यावरचे 'गौरीचे बाबा' होणार होते. शिवाय तिथे कॉफीच्या नावाखाली जे मिळतं, त्याबद्दल न बोललेलंच बरं!

पहिल्या दिवशी पावलं झाली एक हजार एकशे चाळीस. दुसऱ्या दिवशी नऊशे ऐंशी. तिसऱ्या दिवशी ते पार्कात चालायला निघाले आणि दमायला नको म्हणून पार्कापर्यंत रिक्षानं गेले. तेव्हा त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. रिक्षा खड्ड्यात आदळली की घड्याळ पावलं मोजत होतं! चौथ्या दिवशी ते रिक्षानं थेट राजाजीनगरला जाऊन आले. पावलं मिळाली सातशे, कंबर गेली ती गेलीच.

"यंत्रच सदोष आहे," त्यांनी निकाल दिला.

"यंत्र बरोबर आहे. माणूस सदोष आहे," श्यामलाबाई कारल्याचा रस पुढे करत म्हणाल्या.

आठवडा असाच गेला. रोज संध्याकाळी गौरीचा फोन यायचा, "बाबा, इथल्या तुमच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?" पडद्यांचं नाव काढलं की पुरुषोत्तमरावांना घाम फुटायचा.

आणि नेमके त्याच वेळी सत्यनारायणाला गिरीराज गुरुजी आले. गुरुजी शहराच्या जुन्या चामराजपेट भागातले. चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेलं घराणं, त्यामुळे मराठी बोलायचे, पण मधूनमधून कानडी डोकावायची. पन्नाशी उलटलेली, देह भरभक्कम. दोन गल्ल्या ओलांडायच्या असल्या तरी स्कूटर काढणार! पूजा आटोपली आणि पुरुषोत्तमरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"गुरुजी, माझ्या अँजिओप्लास्टीच्या वेळी तुम्ही अकरा हजार जप केलात. मी तर तेव्हा दवाखान्यात झोपलो होतो. मग फळ कुणाला मिळालं?"

"तुम्हालाच की हो राव! संकल्प तुमच्या नावाचा होता."

"म्हणजे करणारा वेगळा आणि फळ घेणारा वेगळा, हे शास्त्रात बसतं?"

"बसतं की."

"मग जपाच्या जागी चालणं धरलं तर?"

गुरुजींनी बराच वेळ डोकं खाजवलं. "आधार काही सापडत नाही, राव. पण नको असंही कुठे लिहिलेलं नाही."

बस्स! पुरुषोत्तमरावांना एवढं पुरेसं होतं. त्यांनी घड्याळ काढून गुरुजींच्या मनगटावर बांधलं. गुरुजींनी पळी-पंचपात्र पुढे ओढलं, यजमानाचं गोत्र उच्चारलं, त्याच्या आरोग्यासाठी पायी चालण्याचा रीतसर संकल्प सोडला. ही लबाडी आहे असं पुरुषोत्तमरावांना क्षणभरही वाटलं नाही. विधिवत झालं होतं ना सगळं!

"रोज आठ हजार पुरे हं," ते म्हणाले.

"आठ हजार?" गुरुजी दुखावले. "अनुष्ठान आहे हे! सव्वा लाख करू. आणि आजपासून स्कूटर बंद. पायी म्हटलं म्हणजे पायी."

दुसऱ्या दिवशी गौरीच्या फोनवर अकरा हजार पावलं उमटली. मग साडेतेरा हजार. मग चौदा! "बाबा, आय ॲम सो प्राउड! अख्ख्या ऑफिसला दाखवलं मी!" पडद्यांचा विषय बंद झाला. पुरुषोत्तमराव रोज सकाळी बूट घालून ऐटीत बाहेर पडत, कोपऱ्यावरच्या हॉटेलात उपम्यासारखा खाराबात आणि शिऱ्यासारखा गोड केसरीबात खात, दोन कॉफ्या रिचवत आणि पार्कातल्या बाकावर पेपर वाचून नऊला घरी येत. दारातून आत शिरताना थोडं धापा टाकायला विसरत नसत.

श्यामलाबाईंचं मन विरघळलं. "एवढं चालतात बिचारे!" असं म्हणून त्यांनी कारलं बंद केलं आणि तुपात न्हालेली पुरणपोळी सुरू केली. एकूण काय, चैन चालली होती!

दहाव्या दिवशी सकाळी अकराला फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात?" गौरीचा आवाज कापत होता.

"घरी. जरा पडलोय."

"घरी? बाबा... तुम्ही चामराजपेटमध्ये आहात."

"छे गं! दिवाणखान्यात आहे."

"बाबा, मला नकाशावर दिसतंय! गेला तासभर तुम्ही एकाच जागी गोल गोल फिरताय! एकसष्ट फेऱ्या झाल्या!"

पुरुषोत्तमराव ताडकन उठून बसले. सव्वा लाखाची सांगता म्हणून गुरुजींनी पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालायला घेतल्या होत्या. आणि त्या अजून चालूच होत्या. खरं सांगून टाकायला हीच वेळ होती. पण डोळ्यांपुढे पडदे आले.

"हां हां, बरोबर. चामराजपेटमध्येच आहे मी."

"आत्ता तर घरी म्हणालात!"

"विसरलो."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरनं दणदणीत शिट्टी दिली.

"कुकर कुठे वाजला, बाबा?"

"इथे... झाडाखाली आहे एक कुकर."

पलीकडून हुंदका ऐकू आला. "बाबा, घाबरू नका. आहात तिथेच उभे राहा. एक पाऊलही टाकू नका!"

"बरं बरं. हा बघ, उभा राहिलो."

"बाबा, अजून फिरताय! थांबा ना हो! बासष्ट झाल्या!"

संध्याकाळी गौरी विमानानं हजर. डोळे सुजलेले, आणि पर्समध्ये पुण्यातल्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतल्याची चिठ्ठी. बापाचा हात हातात घेऊन तिनं हळूच विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"आणि ही कोण?"

"तुझी आई. पण असं काय विचारतेस? तू तिला ओळखत नाहीस का?"

गौरीला पुन्हा रडू फुटलं. श्यामलाबाई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. पुरुषोत्तमरावांनी मनातल्या मनात तपासणी केली. डोकं फिरलंय म्हणावं तर पुणं. गुरुजींना चालवलं म्हणावं तरी पुणंच! लेकीचे डोळे पुसावेत की आपली कातडी वाचवावी, त्यांना कळेना. शेवटी डोळे बघवले नाहीत. "गौरी, ऐक," ते म्हणाले, "ती पावलं माझी..."

आणि दारात गिरीराज गुरुजी उभे! हातात तबक, तबकात घड्याळ, घड्याळावर हळदकुंकू आणि वर एक शेवंतीचं फूल.

"राव, संपूर्णम्! एक लाख पंचवीस हजार पावलं. पिंपळाच्या एकशे आठ प्रदक्षिणा त्यातच आल्या." गुरुजी आत आले. चेहरा मात्र पडलेला. "पण मोठा प्रमाद झाला हो. संकल्प तुमच्या नावाचा, आणि फळ मला मिळालं! माझीही साखर जास्त असायची. काल तपासली तर अगदी नॉर्मल! धोतर तर दोनदा सुटलं. माझंच काहीतरी चुकलं, राव. उद्या प्रायश्चित्त घेतो."

मग गौरीनं पर्समधून साखर तपासायचं छोटं यंत्र काढलं आणि बापाच्या बोटाला सुई टोचली. दोनशे शहाऐंशी.

"अय्यो!" श्यामलाबाई कडाडल्या. "दहा दिवस या माणसाला मी पुरणपोळ्या घालतेय! चालून चालून वाळला म्हणून!"

"गौरी, मला पुण्याला नाही यायचं गं," पुरुषोत्तमराव कसेबसे म्हणाले. "भीती वाटली मला. इथनं उचलून तिथे ठेवलं, तर मी करू काय दिवसभर?"

गौरी आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. "म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे ना तुमची? अक्कलच तेवढी गेलीय! देवा रे, केवढी घाबरले होते मी!" तिनं डोळे पुसले. "ठीक आहे. आणखी एक महिना देते. पण घड्याळ तुमच्याच हाताला राहील. आणि रोज तुम्ही गुरुजींबरोबर पायी फिरायचं, इथून चामराजपेटपर्यंत. गुरुजी, सोडायचं नाही हं यांना!"

"सरी, सरी, चालेल की," गुरुजींना हायसं वाटलं. "हेच प्रायश्चित्त समजतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चामराजपेटच्या एका घराची कडी वाजली. वसुमती अक्कांनी दार उघडलं. पुढे गिरीराज गुरुजी ताजेतवाने उभे, आणि मागे पूजेच्या सामानाची पिशवी छातीशी धरून घामानं निथळणारे पुरुषोत्तमराव.

"हे कोण, गुरुजी?" अक्कांनी विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी छाती पुढे काढली. निवृत्त उपमहाव्यवस्थापक, तपासणी विभाग, असं सांगायचं होतं त्यांना. पण दम इतका लागला होता की तोंडातून नुसती वाफ निघाली.

"नवीन आहेत," गुरुजी म्हणाले. "मंत्र येत नाहीत अजून, पिशवी धरतात. स्वल्प ॲडजस्ट माडी, अक्का, जरा सांभाळून घ्या."

पूजा झाली. अक्कांना दया आली. त्यांनी गुरुजींना दिलं तसंच एक पिवळंधमक केळं पुरुषोत्तमरावांच्याही हातावर ठेवलं. दोन तासांत पोटात अन्नाचा कण गेला नव्हता हो! सोलायला म्हणून त्यांनी देठ धरलं, तेवढ्यात गुरुजींनी ते केळं अलगद काढून घेतलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं.

"यांना चालत नाही, अक्का," ते म्हणाले. "साखर आहे."