आकाश आधी की पृथ्वी: शंकर नगरच्या भिंतीची मोहीम

कोणी आज्ञा केली नाही, कोणी पुसिलेही नाही, तथापि खरे वर्तमान बुडो नये म्हणोन लिहितो ऐसे जे: सुभा छत्तीसगड, शहर रायपूर, पैकी शंकर नगर येथे मराठी ख्रिस्ती मंडळीचे प्रार्थनागृह आहे. ते स्थळी शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माहे जानेवारी, आकाश आणि पृथ्वी यांजमध्ये वितुष्ट पडोन मोठी धामधूम जाहली. तिची हकीकत येणेप्रमाणे.

राजमान्य राजेश्री श्यामराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड, मूळ वर्धेकडील, यांची कन्या रीनाबाई. आणि चौबे कॉलोनीच्या कलावतीबाई, बायबल वर्गाच्या शिक्षिका, यांचे चिरंजीव इंद्रजीत. उभयतांचा विवाह येत्या शनिवारचा नेमस्त जाहला, आणि वधूवरांचे मागील भिंतीवर सृष्टीच्या उत्पत्तीचे चित्र असावे ऐशी मसलत ठरली, आणि मग सोमवारी भैय्यालाल पेंटर शिडीसह दाखल होवोन सहज पुसते जाहले की, आरंभ कोठून करावा. इतक्याने वणवा पेटला.

श्यामरावांनी हुकूम केला की आकाशापासून, कारण बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायी देवाने आकाश आणि पृथ्वी केली, ऐसा क्रम आहे. कलावतीबाईंनी तत्काळ पर्समधून मोबाइल उपसोन दुसरा अध्याय रुजू केला. तेथे पृथ्वी आणि आकाश. मग श्यामरावांनी चष्मा चढविला, आणि बाईंनी अक्षर मोठे केले, आणि मग सूर्य चवथे दिवशी तर पहिले दिवशी उजेड कोठला, ऐशी सरबत्ती उभयपक्षीं जाहली. चहा आला आणि निवाला, कोणी शिवले नाही; यावरून युद्धाची तीव्रता ध्यानी यावी.

मंगळवारी व्हॉट्सॲपवर फौजा उभ्या राहिल्या. बुधवारी बाईंचा खलिता आला की, पृथ्वी खाली राहील ते मान्य, मागाहून रंगविणे अमान्य. ऐसे घडल्यास नवरदेव घरातून हलणार नाही. श्यामरावांनी उत्तर धाडिले की, न हलेल तर बसेल. इंद्रजीत यांनी रीनाबाईंस फोनवर "देखता हूँ" ऐसे अभय दिले, आणि मग फोन बंद करोन ते पाहावयास गेले. तेव्हा रीनाबाई समजल्या की आकाश राहील, पृथ्वीही राहील, लग्न तेवढे जाईल.

मग गुरुवारी प्रातःकाळी रीनाबाई खासा, शिरस्त्राण परिधान करोन, स्कूटीवर आरूढ होवोन, होणाऱ्या सासूबाईंस मागे बसवोन प्रार्थनागृही येत्या जाहल्या, आणि पित्यास पुसिले:

"बाबा, ड्युटीवर नागपूरले जाताना आधी काय लागे, दुर्ग का डोंगरगढ?"

"दुर्ग."

"अन् येताना?"

"डोंगरगढ. पण हे काहून विचारून राहिली?"

"मंग एक गाडी खोटी होती काय? पहिल्या अध्यायात देव वरून खाली येऊन राहिला. दुसऱ्यात आपण खालून वर पाहून राहिलो. रूळ तोच हाय न."

श्यामरावांनी अडतीस वर्षे हिरवे निशाण दाखविले होते. त्यांस टाइमटेबलाविरुद्ध बोलणे धर्मबाह्य वाटले. "हव," म्हणोन त्यांनी शस्त्र ठेविले. बाई मात्र कच्च्या नव्हत्या.

"पोट्टी हुशार हाय," त्या बोलिल्या, "पण ब्रश आधी कुठी लागन?"

तेव्हा तीन दिवस शिडीवर तटस्थ बसलेले भैय्यालाल यांनी वरूनच निवाडा दिला, "दीदी, पहिली खाल्हे ला रंगहूं, त ऊपर के रंग टपकही." म्हणजे आधी खाली रंगविले तर वरचा रंग त्याजवर गळेल. हा पुरावा कोणत्याही अध्यायात नव्हता, सबब कोणासही खोडता आला नाही. मग तह जाहला की, रंग आकाशास आधी लागावा, आणि लग्नात वाचन दुसऱ्या अध्यायाचे व्हावे.

शनिवारी विवाह यथासांग जाहला. वेळ तोकडा पडोन भिंतीवर आकाश छतापासून भरपूर उतरले, आणि पृथ्वी कंबरेइतकीच निघाली, आणि फोटोसमयी सकल वऱ्हाड तिजपुढे उभे राहिल्याने ती एकाही फोटोत दिसत नाही. श्यामराव म्हणतात, पाहा, आकाशच आहे. बाई म्हणतात, मग आपण उभे कशावर होतो? ऐशी उभयपक्षीं फत्ते जाहली, पराभूत कोणी सापडला नाही, आणि घर एक वाढले. इंद्रजीत फोटोत मध्यभागी हसत आहेत. या मोहिमेत ते हजर होते, यास पुरावा तेवढाच.