आप्पांचं कुलूप

बबनआप्पा बोलतात माझ्याशी, पण बघतात माझ्या कॉलरकडं. कापड बोटांत चोळतात आणि निकाल देतात, "ह्यात हात टिकंल." पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या कोटाची अशीच परीक्षा घेतली. मुलीकडची माणसं हबकली.

निमोण्याचे आप्पा जुने पैलवान. पाठ मातीला लागली की हरलो, हे हाडात मुरलेलं. साठीला टेकल्यावर शिरूरमध्ये खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर लढायच्या जपानी कुस्तीचा, क्लास निघाला आणि आप्पांनी नाव घातलं. शिकवणारे सर कारखान्यात इंजिनिअर, आप्पांच्या मुलापेक्षा लहान. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "आप्पा, पाठीवर झोपा." आप्पा तासभर झोपेचनात. झोपले, ते मात्र कायमचे. आता उभ्यानं लढायला सांगितलं की तोंड वाकडं करतात.

मी बँकेत नोकरीला. पोट कमी करायला क्लासला गेलो आणि आप्पांच्या वाट्याला आलो. ते उताणे पडून दोन्ही पाय माझ्या कमरेभोवती घालतात आणि मागं घोटे अडकवतात. याला ते 'कुलूप' म्हणतात. मग एक हात माझ्या कॉलरीत खोल, तळवा वर. दुसरा त्यावरून आडवा.

"ढकलायचं न्हाई सायेब, वढून घ्यायचं. छातीशी. कोपरं बरगडीला लावली की गळा आपसूक आवळतो."

एवढं ऐकेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मी दंडावर थाप मारली की हार कबूल, आप्पा तत्काळ सोडतात आणि वर विचारतात, "लागलं का?"

मागं दौंडला स्पर्धा होती. आप्पांनी वीस वर्षांनी लहान गडी कुलपात घेतला, गळा धरला. गडी हट्टी, थाप मारीना. शेवटी आप्पांनीच हात सोडले. तो निसटला आणि गुणांवर जिंकला.

सर चिडले. "आप्पा, दोन सेकंद धरायचं होतं!"

"त्याचं डोळं फिराया लागलं व्हतं. घरी कुणी वाट बघत आसंल की."

गेल्या मंगळवारी हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. आप्पांनी मला कुलपात घेतलं, छातीशी ओढलं. दोन्ही हात बरोबर बसले होते. मी वाट बघत राहिलो. गळा काही आवळेना.

"आप्पा, आवळा की."

"थांबा जरा." मग हळू म्हणाले, "घरात समदी हायेत. सून येळंवर जेवू घालती, नातवंडं लांबनं पाया पडत्यात. पण आमची मंडळी गेल्यापासनं अंगाला मानूस लागलं न्हाई. म्हाताऱ्याला कोन कवळतंय?"

मी म्हणालो, "राहू द्या. मला घाई नाही."

थोड्या वेळानं त्यांनीच पाय सोडले, पाठ फिरवून पाणी प्यायले.

खाली आलो. स्टँडवर निमोण्याची एसटी लागलेली होती. मी मोटारसायकल काढली आणि म्हणालो, "बसा आप्पा, सोडतो."

"उगंच कशाला? गाडी हाय की."

"बसा हो. रस्ता खराब आहे, घट्ट धरा."

रस्ता तसा चांगलाच होता. आप्पांनी धरलं.