टोपणनाव न मानणारं नेटवर्क

पेन ड्राइव्ह न्यायचा नाही, असं मी ठरवलं. (आमच्या घरात माझे निर्णय साधारण एवढ्याच आकाराचे असतात.)

सासऱ्यांची, म्हणजे नानांची पंचाहत्तरी दहिसरच्या हॉलमध्ये होती. दिवंगत सासूबाई भाजी निवडता निवडता गाताहेत, असा एकुलता एक व्हिडिओ आमच्या नाहूरच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये होता. तो सगळ्यांसोबत बघायचा, एवढीच नानांची इच्छा होती.

"पेन ड्राइव्ह घे ना रे," माझी बायको शुभा म्हणाली.

"अगं, आपलं प्रायव्हेट नेटवर्क आहे! तुझ्या भावाचा लॅपटॉपही मी जोडून दिलाय. त्यावर नुसतं 'आठवण' टाइप केलं की आपला कॉम्प्युटर हजर!"

हॉलमध्ये अनयच्या, म्हणजे त्याच मेहुण्याच्या लॅपटॉपवर मी ऐटीत 'आठवण' टाइप केलं. भिंतभर पडद्यावर उत्तर आलं, या नावाचं कोणी सापडत नाही.

माझी वाट लागली. नेटवर्कमधली नावं ओळखणारी सोय, म्हणजे डीएनएस, प्रत्येक यंत्राचं नोंदवलेलं एकच नाव मानते. 'आठवण' हे लाडाचं नाव मी फक्त माझ्या लॅपटॉपला शिकवलं होतं, आणि तो (ओझं नको म्हणून) घरी होता. कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला नंबरही चालला असता, पण तो पाठ नव्हता. राहिलं नोंदवलेलं नाव. आता हा कॉम्प्युटर नानांनीच दिलेला. तापतो, कुरकुरतो, पहिल्यांदा सांगितलेलं कधी ऐकत नाही. मग मी नाव तरी काय ठेवणार?

"पडदा बंद कर जरा," मी अनयच्या कानात म्हणालो.

"कसा करू? रिमोट घेऊन ऑपरेटर जेवायला गेलाय."

"श्यामकांत," पहिल्या रांगेतून नाना म्हणाले, "तिचा आवाज ऐकू दे रे. काय असेल ते टाक."

त्यांचा चेहरा पाहिला आणि माझी भीतीच गेली. भिंतभर अक्षरांत मी टाइप केलं, 'खडूस-सासरा'.

सगळ्या हॉलने ते वाचलं. कॉम्प्युटर हजर झाला, मी व्हिडिओ लावला. आणि सासूबाई गाऊ लागल्या! नाना रडले, हसले, टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी मला मिठी मारली. "जिंकलंस! मलाही घे या नेटवर्कात." मी लगेच घेतलं. (विजयाच्या भरात, नेटवर्कला खरं नावच लागतं हे सगळ्यांना सांगितलं आणि नानांना नावं कशी बदलायची तेही शिकवलं.) जेवणाच्या पंगतीत मला जिलेबीचा आग्रह नवरदेवासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी नेटवर्कवर माझा लॅपटॉप सापडेना. शुभाने आपल्या फोनवर 'बावळट-जावई' टाइप केलं. पहिल्या झटक्यात सापडला.

"तूच म्हणालास ना," ती म्हणाली, "नेटवर्कला खरं नावच लागतं."