आपल्यात म्हणजे कोणात

आपण कोण आहोत हे जो तो स्वतःच ठरवू लागला तर समाजाची घडी विस्कटते, हे आता सर्वमान्य झाले आहे. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी हे काम एका अत्यंत कार्यक्षम संस्थेकडे सोपवले. संस्थेचे नाव 'आपल्यात'. तिला कार्यालय नाही, शिक्का नाही, जेवणाची सुट्टी नाही. तिच्याकडे अर्ज करावा लागत नाही. अर्जाचा विचार मनात येण्याआधीच तो नामंजूर झालेला असतो. 'आपल्यात असं चालत नाही' एवढ्या चार शब्दांत ती लग्न, शिक्षण, केसांची लांबी, उपवास आणि मटण या सर्व विषयांवर निकाल देते. निकालावर अपील नसते. (अपील आपल्यात चालत नाही.)

गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासात या संस्थेवर कामाचा ताण जरा जास्तच पडतो. इथे पोटामागे कारखान्यांत निरनिराळ्या मुलखांची माणसे आली आणि प्रत्येकाने सामानात आपापले 'आपल्यात' बांधून आणले. टोकरखाड्यापासून आमलीपर्यंत सहज नजर टाकली तरी दिसते की दहांतल्या नऊ तरुणांना आपण कोण हे माहीत नाही, आणि दहाव्याला ते त्याच्या मावशीने सांगितलेले आहे.

नवांपैकी एक ममता. वय वीस. धाग्याच्या कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात नोकरी. आमलीतल्या दोन खोल्यांत आजोबा, आईवडील आणि धाकटा भाऊ हर्षल यांच्यासोबत राहते. जन्म इथलाच, पण 'गाव कोणतं?' या प्रश्नाला 'सिल्वासा' हे उत्तर चालत नाही. विचारणारा थांबून राहतो. 'ते झालं गं, पण गाव?' मग ती अमळनेरजवळच्या एका गावाचे नाव सांगते, जिथे तिने आयुष्यात एक उन्हाळी सुट्टी काढली, तीही कांजिण्यांत. त्या गावात तिला 'गुजरातवाली' म्हणतात. सुरतेच्या बसमध्ये ती 'महाराष्ट्रवाली' असते, आणि सिल्वासात 'बाहेरची'. थोडक्यात, ती सगळीकडची आहे, फक्त जिथे उभी असेल तिथली सोडून.

भाषेचेही तसेच. ती सकाळी अहिराणीत उठते, गुजरातीत भाजी घेते, हिंदीत कामाला लागते, इंग्रजीत ईमेल लिहिते आणि मराठीत लग्नाची स्थळे नाकारते. एवढ्या भाषा येणाऱ्या मुलीला घरात 'हिला बोलायची रीत नाही' असे म्हणतात.

अशा मुलांना आपण कोण हे वर्षातून एकदा तरी कळावे, अशी सोय मात्र आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत दमणगंगेवर पोचवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. हा रोट बाहेरच्याला द्यायचा नाही. खातो तो घरातला, बाकी सगळे बाहेरचे, इतकी स्वच्छ व्यवस्था कुठल्याही सरकारला जमलेली नाही. रोटाचे गहू मुठीने घेतात. ममताच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आबा, म्हणजे ममताचे आजोबा, सुपात मूठ सोडतात आणि ज्याची मूठ त्याचे नाव पुकारतात. (वरची पाव मूठ कशी मोजावी याचा नियम नाही. ती आबांच्या अंगठ्यावर सोडलेली आहे.)

बायकांच्या नावाने मूठ नसते. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. बायकांकडे आधीच पुष्कळ मानाची कामे असतात: गहू आणणे, निवडणे, दळून आणणे, मळणे, भाजणे, आणि पुढे चार दिवस 'अजून एक घ्या ना' असे म्हणणे. त्यात मुठीचे ओझे कशाला?

यंदा आबा पाटावर बसले. समोर सूप, बाजूला गव्हाचा डबा घेऊन सूनबाई कुसुम. आबांनी पहिली मूठ सोडली आणि स्वतःचेच नाव घेतले, "झिपरू." मग मुलाचे, "भगवंत." मग नातवाचे, "हर्षल."

हर्षलने मोबाईलमधून मान वर केली. "आबा, माझी नका धरू. मी गहू बंद केलाय. बॉडीला चालत नाही." (हे त्याला मोबाईलमधल्याच एका पिळदार दंडांच्या माणसाने सांगितले होते.)

"तू नको खाऊ रे भाऊ," आबा म्हणाले, "तुनी मूठ पडसच."

"मग माझी?" ममता म्हणाली.

कुसुमच्या हातातले झाकण खाली पडले आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिले.

"तुनी कसाले?" आबांनी विचारले.

"मी खाते म्हणून. ह्याच्या वाटचा रोट दरवर्षी मीच संपवते."

"आपलामा असं चालस नही, बेटा."

इथवर सगळे नियमानुसार होते. पण ममताचा दिवस धाग्यातला दोष कुठे सुरू होतो ते शोधण्यात जातो. तिने विचारले, "आपल्यात म्हणजे कोणात, आबा?"

असा प्रश्न या घराण्यात कोणी कधी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचे उत्तरही कोणी तयार ठेवले नव्हते. भगवंत बारा तासांची पाळी करून आला होता. 'कशाला विषय वाढवायचा' ही त्याची सर्व विषयांवरची भूमिका त्याने याही वेळी मांडली आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. तिथे त्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा पुष्कळच वेळ लागला.

ममताला गहू नको होते, हे इथे सांगितले पाहिजे. गहू डब्यात होतेच, आणि ते तिनेच निवडले होते. तिला आपले नाव हवे होते. आबांच्या तोंडून, सुपावर, मोठ्याने. कुठली, कुठली, म्हणून जो तो विचारत होता आणि उत्तरे देऊन ती थकली होती. एका जागी तरी कोणी न विचारता सांगावे, की ही आमची.

आबा वाईट माणूस नव्हते. नातीचा चेहरा पाहून त्यांनी तोडगा काढला. सव्वा मुठीतली वरची जी पाव असते, ती पूर्वी लेकीबाळींसाठीच असावी, असा एक पुरातन सिद्धांत त्यांनी जागेवर तयार केला. "मंग व्हयनं ना? पाव तुनीच."

"आबा, आमच्याकडे माल पास होतो नाहीतर परत जातो. पाव पास होत नाही."

तेव्हा आबांनी प्रकरण वरिष्ठांकडे पाठवायचे ठरवले. वरिष्ठ म्हणजे गाव. हर्षलने गावी झुंबरकाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. झुंबरकाका आबांचे चुलतभाऊ; गावच्या घराची किल्ली त्यांच्याकडे, त्यामुळे परंपराही त्यांच्याकडेच असणार, असा सर्वांचा समज होता.

"माले काय इचारस, आबा?" झुंबरकाका म्हणाले. "आठे आते कोन शे? पोरं उधनाले, रोट बी तठेच व्हतस. निलेशले इचार."

निलेश हा झुंबरकाकांचा मुलगा. सुरतेत, उधन्याला, लूमवर सुपरवायझर. तो फोनवर अत्यंत आनंदाने आला.

"अरे आबा, मी तर तुमालाच विचारून करतो ना! तुमी मोठे. गेल्या श्रावणात आमची गुड्डी पोटात होती, तुमीच बोलले, एक मूठ जास्ती टाक. मी टाकली. टेन्शन नका घेऊ, इकडे बधू, सगळंच, तुमच्या सिस्टीमनेच चालते."

फोन बंद झाला. सिल्वासाने गावाला विचारले होते, गावाने सुरतेला, आणि सुरतेने सिल्वासाला. ज्या 'आपल्यात'च्या धाकाने आबा जन्मभर मिशा न कापता आणि मनासारखे न वागता जगले, ते 'आपल्यात' म्हणजे दुसरे कोणी नसून आबाच होते. आबांनी हळूच मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

"आबा," ममता म्हणाली, "गुड्डीची मूठ टाकली होती तर."

"ती अंदाजानं टाकी व्हती," आबा घाईने म्हणाले. "पोऱ्या व्हई असा अंदाज व्हता."

"मग माझीही अंदाजाने टाका."

कायद्याच्या दृष्टीने आता काही शिल्लक नव्हते. जन्माला न आलेल्या मुलीची मूठ पडू शकते, गहू न खाणाऱ्या मुलाची पडू शकते. मग जन्माला येऊन गहू खाणारीची का नाही, याचे उत्तर आबांनी डब्यात शोधले, सुपात शोधले, छपराकडेही पाहिले. मग त्यांनी हात डब्यात घातला आणि मूठ सोडली. वरची पावही सोडली. ती नेहमीपेक्षा थोडी जास्तच पडली.

ममता थांबून राहिली. "नाव, आबा."

"ममता," आबा पुटपुटले.

"आबा, सुपालाही ऐकू नाही आलं."

"ममता!" आबा असे ओरडले की शेजाऱ्यांच्या खोलीतून "क्या हुआ?" असा आवाज आला. ममताच्या डोळ्यांत पाणी आले. (कोंडा उडाला, असे तिने हर्षलला सांगितले.) न्हाणीघरातला नळ त्याच वेळी बंद झाला.

संस्थेच्या इतिहासातले हे पहिलेच अपील मंजूर झाल्याने सर्वांनी सुस्कारा टाकला. आबा उठायला लागले. तेवढ्यात या घरात लग्न करून आल्यापासून दर श्रावणात दुसऱ्यांच्या नावाचे गहू दळून आणणारी कुसुम पदराला हात पुसत म्हणाली, "आबा, डबामा गहू अजून शेतस."

"आपलामा..." आबांनी सुरुवात केली, आणि त्यांची मान आपोआप मागे वळली. ते पुन्हा पाटावर बसले. सूप अजून उचललेले नाही.

वाचकांनी हे सारे शांतपणे वाचले, काहींना हसूही आले असेल. 'काय एकेकांच्या रीती, आपल्यात बाई असं काही नसतं,' असेही कोणी मनात म्हणाले असेल. तसे असल्यास उत्तमच आहे. फक्त एकदा उठून दाराबाहेर जा आणि आपल्या दारावरची पाटी वाचा. आत जी पोळ्या लाटते आहे तिचे नाव त्यावर सापडले, तर आबांना जरूर कळवा. ते अजून पाटावरच बसले आहेत.