सात पूर्वज आणि एक प्रवेश

कॅस्पियनच्या काठी, आमच्या तेलाच्या गावात एक आंतरराष्ट्रीय शाळा होती. ती परदेशी अभियंत्यांच्या मुलांसाठी बांधलेली होती आणि गावातल्या मुलांना तिच्या फाटकापर्यंत प्रवेश होता. पुढे तेलाचे भाव पडले, परदेशी कुटुंबं परत गेली आणि शाळा गावाच्या ताब्यात आली. तेव्हापासून मी तिथे रसायनशास्त्र शिकवते.

अडचण नियमावलीची होती. ‘बाहेरून आलेल्या कुटुंबांच्याच मुलांना प्रवेश’ हे कलम रद्द केलं, तर पाटीवरचा ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द उतरवावा लागणार होता. पालकांनी एकमुखाने सांगितलं, कलम राहू द्या. त्या शब्दासाठीच तर सगळे येत होते.

मग बाहेरचा कोण, हे ठरवायला समिती नेमली. कझाक मुलाला बापापासून मागे मोजत आपले सात पूर्वज तोंडपाठ असावे लागतात. समितीने तीच कसोटी लावली. सातांपैकी एक जरी बाहेरून आलेला असेल, तर मूल परदेशी. एकेकाळी सरकारने हद्दपार करून, आगगाडीत कोंबून इथे आणून टाकलेल्या कोरियन आणि जर्मन घरांतली मुलं लगेच पात्र ठरली. हद्दपारीचा असा लाभ होईल, हे त्यांच्या आज्यांना कुणी कळवलं नव्हतं.

नंतर ड्रिलिंगवरचा झुमाबेक मुलीला घेऊन आला. अकमरालने सातही नावं न अडखळता म्हटली. सातही याच माळरानावरचे.

“शाबास!” मुख्याध्यापिका कुलाशआपा म्हणाल्या. “नापास.”

“अहो आपा, तिची एक चूक दाखवा!”

“तीच तर पंचाईत आहे. एखादा विसरली असती, तर अज्ञात पूर्वज आम्ही बाहेरचा धरतो.”

नातीला मांडीवर बसवून ती नावं आजोबांनी शिकवली होती. विसरायला शिकवण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं.

“चौथा कोण गं?”

“तोक्सान!”

“नाही राणी. चौथा माहीत नाही.”

“पण आजोबा, त्याच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट तुम्हीच...”

“कसला घोडा? गप्प बस.”

दुसऱ्या मुलाखतीत अकमराल चौथ्यावर थांबली आणि तिला प्रवेश मिळाला. झुमाबेकने गावजेवण घातलं. रीतीप्रमाणे ज्येष्ठ पाहुण्यांनी तिला सात नावं विचारली. तिसऱ्यानंतर तिने बापाकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा मात्र ताटातलं मांस बोटाने इकडचं तिकडे करत राहिले.

हे वाचून कुणाला हसू आलं असेल, तर त्यांनी आपल्या मुलाला पणजोबांचं नाव विचारून पाहावं. सांगता आलं नाही तर काळजी नको. शाळा उत्तम निवडली आहे.